जागलीचा भाव

मेव्हिल आणि हार्टफोर्ड ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली दोन लहान गावं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या राळेगावात त्यांची नावं कोणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. मला ती ठाऊक झाली चुलतभावामुळे. तो त्या राज्यात बरीच वर्षं नोकरीला आहे. तिथं सुटीच्या दिवशी मैदानावर मातीच्या तबकड्या हवेत उडवतात आणि छर्‍याच्या बंदुकीने त्या फोडतात. त्या खेळाचा त्याला नाद लागला. खेळ संपला की बाकीचे गाडीकडे वळतात. हा मागे राहून काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करतो. पराटीच्या, म्हणजे कापसाच्या, मुलखातला माणूस, वेचणं हाताला लागलेलंच. त्या पुंगळ्या घरी गॅरेजमध्ये येतात आणि टेबलाला आवळून बसवलेल्या एका हातयंत्रावर पुन्हा भरल्या जातात.

अशी यंत्रं बनवणारे दोन प्रसिद्ध कारखाने त्या दोन गावांत आहेत. मेव्हिलच्या कारखान्याचं यंत्र लोखंडी, जड, आजोबांकडून नातवाकडे जाणारं. हार्टफोर्डच्या कारखान्याचं हलकं, बरंचसं प्लॅस्टिकचं आणि स्वस्त. या दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष रिचर्ड ली. त्याने १९५८ साली घरच्या घरी काडतूस भरण्याचा हातात मावेल असा छोटा संच तयार केला आणि खिशाला परवडणाऱ्या अवजारांचा धंदा त्यातून वाढत गेला. स्वस्त असो की महाग, काम तेच. दांडा ओढला की दारू पेटवणारी जुनी फुटलेली टोपी बुडातून बाहेर पडते, नवी बसते; मग दारू, तिच्यावर वॅडची, म्हणजे दारू आणि छर्रे वेगळे ठेवणाऱ्या बुचाची, वाटी, वाटीत छर्रे, आणि शेवटी पुंगळीचं तोंड सहा किंवा आठ चुण्या घालून मिटतं.

‘‘स्वस्त पडतं का रे?’’ मी एकदा विचारलं होतं. तो हसला. त्याची बायको म्हणाली, ‘‘दादा, तास धरले तर नाही पडत. पण तास धरतं कोण?’’

हे वाक्य त्या वेळी मी गमतीवारी नेलं. पुढे त्याच वाक्याने मला पुष्कळ विचार करायला लावला.

भाऊ गावी आला तेव्हा हिवाळा होता. तुरीला शेंगा भरत होत्या, पराटीची दुसरी वेचाई चालू होती आणि शिवारात डुकरांनी धुमाकूळ घातला होता. घरात मोठ्या बाबांची दोन नळ्यांची बाराबोअर आहे, परवाना राखणीचा. तिचा घोडा कोणी दाबल्याला बराच काळ लोटला आहे. तेलपाणी मात्र नेमाने होतं. भावाने ती मोडून उजेडाकडे धरली, नळ्यांतून पाहिलं, काडतूस बसतं त्या घरात बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘‘दादा, हे घर पासष्टचं आहे. बाजारात मिळतं ते सत्तरचं.’’

बारा बोअर म्हणजे काय हे बंदूक बाळगणाऱ्या घरांतही सगळ्यांना सांगता येत नाही. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याचे बारा सारखे गोळे करायचे. ज्या नळीत त्यांतला एक गोळा बरोबर बसेल ती बारा बोअरची. बोअरचं माप असं वजनावरून ठरलेलं; लांबीचं माप वेगळं. जुन्या विलायती धाटणीच्या बंदुका अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनत. आज सगळीकडे चालतं ते ७० मिलिमीटरचं. हे पाच मिलिमीटर दिसायला काहीच नाहीत. पण काडतूस उडतं तेव्हा त्याचं मिटलेलं तोंड पुढे उलगडतं. त्याला जागा पुरली नाही तर घर संपून नळी सुरू होते तिथंच अडथळा होतो आणि आतला दाब वाढतो. जुनं लोखंड तो दाब सोसेलच असं नाही. म्हणजे मोठ्या बाबांच्या बंदुकीला आखूड आणि मवाळ काडतूस हवं. शिवाय आम्हाला काही मारायचं नव्हतं. हवा होता आवाज. बिनछर्‍याचं, नुसतं दणक्याचं काडतूस. परदेशात धावपट्टीवरचे पक्षी आणि शेतातली जनावरं उठवायला बाराबोअरमधून उडवायची फटाक्याची काडतुसं मिळतात. आपल्याकडे दुकानदार विचारतो ते ‘एलजी देऊ, एसजी देऊ, का चार नंबर?’ एवढंच. सगळे प्रकार छर्‍याच्या जाडीचे, म्हणजे कोणतं जनावर मारायचं त्याचे. कोणालाच न मारण्याचा नंबर त्या यादीत नाही.

‘‘मग आपणच भरू,’’ भाऊ उत्साहाने म्हणाला, ‘‘एक साधं यंत्र घेतलं की झालं.’’

आणि साधं यंत्र कसं निवडायचं यावर त्याने ओसरीवर बसून जे सांगितलं, ते ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की काटकसर हाही एक शास्त्रशुद्ध विषय आहे. तो म्हणाला, नेहमीची बाराबोअरची काडतुसं घरी भरण्यात आता काही उरत नाही. कारखाना ती लाखांनी काढतो, त्या भावाला आपण टोप्या आणि छर्रेही आणू शकत नाही. उरतं ते वेगळ्या काडतुसांत: जुन्या बंदुकांची आखूड, लहान बोअरची, नवशिक्याच्या खांद्याला न झोंबणारी हलकी. जी बाजारात मिळत नाहीत किंवा सोन्याच्या भावाने मिळतात, ती. म्हणून स्वस्त यंत्र घेणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं, की मला असं काय हवंय जे दुकानात नाही? उत्तर नसेल तर यंत्र घेऊच नये.

दुसरी गोष्ट वेगाची. महागडं यंत्र एका ओढीत चार-पाच घरांतली कामं एकदम करतं. प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस पडतं. स्वस्त यंत्रावर एकच पुंगळी एका घरातून दुसऱ्या घरात हाताने सरकवावी लागते. ‘‘पण नवख्याने हेच घ्यावं,’’ तो म्हणाला. कारण वेगवान यंत्रात मध्येच दारू संपली आणि लक्षात आलं नाही, तर ते पुढची सगळी काडतुसं तेवढ्याच निष्ठेने रिकामी भरत राहतं. वरून दिसायला सारखीच. अशा अर्धवट काडतुसाचा फुसका बार होतो, वॅड नळीतच अडकतो आणि तो न पाहता पुढचं काडतूस उडवलं तर नळी फुटते. एकेक पुंगळी हातातून जाते तेव्हा प्रत्येकीच्या आत डोकावलं जातं. शिवाय एक दारू दुसरीसारखी दिसते म्हणून ती दुसरीसारखी वागत नाही. एका जातीच्या पुंगळीचं माप दुसरीला चालत नाही. छापील कोष्टक सोडून स्वतःची अक्कल चालवायची नाही. वजनाचा काटा यंत्राहून चांगला असला पाहिजे. यंत्रात वाचवलेला पैसा काट्यात घालावा, हे त्याचं शेवटचं सूत्र.

मला हे फार पटलं. स्वस्त यंत्र स्वस्त असतं ते त्याने काही कामं आपल्यावर सोडलेली असतात म्हणून. लोखंड कमी, सांधे कमी, डोळ्यांचं काम जास्त. उरलेली किंमत माणसाने लक्ष देऊन भरायची असते. विस्कॉन्सिनच्या लांब हिवाळ्यात गॅरेजमधली ती संध्याकाळ भावाला खर्च वाटत नाही, कारण ती त्याची आवडीची वेळ आहे. तास धरतं कोण, ते या अर्थाने.

पण ओसरीवरची ही चर्चा ज्या क्षणी राळेगावच्या मातीवर उतरली, त्या क्षणी अडली. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. काडतूस तयार करायला त्यात वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात ती मुभा येत नाही. आणि त्याहून मजेची गोष्ट व्याख्येत आहे. दारूगोळा म्हणजे काय हे सांगताना कायदा काडतुसांवर थांबत नाही. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही त्याच व्याख्येत मोडते. म्हणजे भावाच्या गॅरेजमधलं ते बिचारं प्लॅस्टिकचं हातयंत्र, एक कणही दारू त्यात नसताना, आपल्या कायद्याच्या नजरेत स्वतःच दारूगोळा आहे. सामानात टाकून आणायची वस्तू ती नव्हेच. भाऊ हे ऐकून गप्प बसला. मी कायद्याला नावं ठेवली नाहीत. जिथं घराघरांत काडतुसं भरली जातात असा यवतमाळ जिल्हा मलाही नको आहे.

तरीही त्याच कायद्यात राखणीची बंदूक कोणती, याचं उत्तर वाचताना मी पुन्हा थबकलो. तेराव्या कलमात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची बिनआट्याची बंदूक सांगितली आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी मात्र ठासणीची. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी खात्री पटली तर अधिकारी दुसरी देऊ शकतात, पण पहिला अधिकार ठासणीचा. साहेबाच्या शिकारीला काडतुसाची आणि कास्तकाराच्या पिकाला ठासणीची, अशी ही वाटणी. आणि ठासणीची बंदूक म्हणजे काय, तर दर बाराला हाताने भरायची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, वरून गजाने ठासणं, मागे टोपी. टेबलावर पुंगळी भरणं हा कारखाना ठरतो. तेच सगळं काळोखात, घाईत, थंडीने आखडलेल्या बोटांनी नळीत भरणं ही शेती ठरते. गॅरेजमधल्या यंत्राची सगळी कामं कायद्याने कास्तकाराच्या हातांना दिली आहेत. फक्त काटा, कोष्टक आणि उजेड तेवढा दिलेला नाही.

आमच्या शिवाराला लागून एका म्हाताऱ्याची ठासणी होती. मी लहानपणी तिचा बार पाहिला आहे. तो छर्रे घालतच नसे. थोडी दारू, वर चिंधी, आणि आभाळाकडे तोंड. आवाज दूरवर घुमत जाई आणि मागे पांढरा धूर रेंगाळत राही. ‘‘मारून काय करू बापा?’’ तो म्हणायचा, ‘‘पळाले पाह्यजे, बस.’’ ज्या फटाक्याच्या काडतुसासाठी आम्ही ओसरीवर यंत्राची निवड करत होतो, ते हा म्हातारा चिंधीच्या भांडवलावर रोज रात्री बनवत होता.

चिंधी म्हटल्यावर आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आमच्या पिकाची आहे. आजच्या काडतुसातली दारू काळी नसते. तिचं बूड कापसात आहे. १८४६ साली बाझेलच्या क्रिस्टियान श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर तीव्र आम्लांची प्रक्रिया करून एक भडका घेणारा पदार्थ मिळवला. दिसायला कापूसच, पण पेटला की राख न ठेवता जातो. त्याला आवर घालायला पुढे बरीच वर्षं गेली. १८८४ साली फ्रान्समध्ये पोल व्ह्येय याने त्यातून बंदुकीला मानवेल अशी बिनधुराची दारू केली आणि काळ्या दारूचे दिवस फिरले. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१५ मध्ये, ब्रिटनने कापूस हाच निषिद्ध माल ठरवला, जर्मनीला जाऊ नये म्हणून. धोतरासाठी नव्हे, दारूसाठी. आजही या दारूचा कच्चा माल म्हणजे लाकडाचा लगदा किंवा जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीला चिकटून राहणारा आखूड तूस. राळेगावातून हिंगणघाटकडे किंवा वडकीकडे निघालं की रस्त्याला जिनिंग-प्रेसिंगच्या गंज्या लागतात. त्या ढिगांकडे पाहताना आता मला राहून राहून वाटतं, की कापसाची राखण करणारी वस्तू कापसातूनच निघते आणि ती आमच्याच राज्यात बनते. भंडाऱ्याला दारू, पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळा. खडकीची ‘शक्तिमान’ बाराबोअर काडतुसं बंदूकवाल्या प्रत्येक घराने पाहिलेली. त्या दारूचीही एक किंमत आहे: २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट झाला आणि किमान आठ कामगार गेले. हाताने भरा की कारखान्यात, दारू कोणाची तरी सतत जागी नजर मागते.

आता रात्रीकडे येतो. आमच्याकडे राखणीला जागली म्हणतात. कास्तकार जेवून अंगावर घोंगडी घेतो, हातात बॅटरी आणि काठी, आणि शेतात जातो. चार बल्ल्यांवर माळा असतो, खाली शेकोटी. पेरलं की डुकरं दाणे उकरतात म्हणून जागली; सोयाबीन भरलं, चणा आला, भुईमूग धरला म्हणून जागली; रोही, म्हणजे नीलगायी, तुरीचे शेंडे खुडतात म्हणून जागली. डुकरं पराटी खातात थोडी आणि लोळून मोडतात जास्त. एका रात्रीत कळप ओळीच्या ओळी झोपवतो.

त्यांना उठवायचे उपाय गावोगाव पाहावेत. पत्र्याचे डबे, डफडी, सुतळी बॉम्ब, रात्रभर कुत्रं भुंकल्याचा आवाज काढणारे भोंगे, जुन्या साड्यांची कुंपणं, तारेत हलका झटका सोडणारी झटका मशीन. पाइपमध्ये कार्बाइड घालून वाजवायच्या बंदुकाही आल्या. माकडं त्यांना दचकली; पण २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्याच बंदुकांनी पुष्कळ मुलांचे डोळे जायबंदी केले. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट उपाय म्हणजे खांबावरून थेट तारेत सोडलेला करंट. त्याने डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस, कधी तार लावणारा स्वतः.

मारण्याची कायदेशीर वाटही आहे. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमात उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकृत वनाधिकारी पारधीची परवानगी देऊ शकतो, आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोह्यासाठी हे अधिकार खालपर्यंत नेले. पण कागद मिळेपर्यंत कळप तीन शिवारं पुढे गेलेला असतो, आणि कागद मिळाला तरी काळोखात पळत्या डुकरावर नेम धरणारा हात गावात असतो कुठे? मला वाटतं, बहुतेकांना मारायचं नसतंच. त्या म्हाताऱ्याचं वाक्य अख्ख्या तालुक्याचं आहे. पळाले पाहिजे, बस.

आणि मग २०१६ नंतरची ती दोन वर्षं आली, जेव्हा पळायची पाळी माणसांवर आली. पांढरकवडा आणि राळेगावच्या जंगलपट्ट्यातल्या टी-१ वाघिणीला शहरांनी अवनी हे नाव दिलं. आमच्याकडे ती नुसती वाघीणच होती. त्या पट्ट्यातले तेरा बळी तिच्या नावावर मांडले गेले. कोणी ढोरं चारायला गेलेलं, कोणी शेतात. जागली थांबली. ज्याने डुकरांना पळवायचं तोच माळ्यावर चढायला धजेना, आणि डुकरांना त्या दोन हंगामांत मोकळं रान मिळालं. वाघिणीला धरायला काय काय आणलं नाही! कॅमेरे, ड्रोन, शिकारी कुत्री, पॅराग्लायडर, आणि तिला भुलवायला एक विलायती अत्तरसुद्धा. शोधासाठी आणलेला एक हत्ती साखळी तोडून सुटला आणि चहांद गावात त्याने एका बाईचा जीव घेतला. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हात घालायला नकार दिला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. तिच्यामागे दोन बछडे राहिले. गावांत फटाके फुटले, शहरांत मेणबत्त्या पेटल्या.

त्या रात्रीवर नंतर चौकशा बसल्या. त्यांतली एक गोष्ट मला काडतुसांच्या या विचारात पुन्हा आठवते. वाघीण बेशुद्ध करायला जो डार्ट होता, तोही खास कामासाठी हाताने भरलेला बारच. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने त्याच्यावर बोट ठेवलं: भरल्यापासून चोवीस तासांत वापरायला हवं ते औषध त्याहून कितीतरी आधी भरलेलं होतं. जीव वाचवणारा बार आणि जीव घेणारा बार यांच्यात मला दिसतो तो फरक ताजेपणाचा आणि देखरेखीचा. जीव घेणारी गोळी पेटीत वर्षानुवर्षं तयार राहते. न मारणारा बार दर वेळी नव्याने, वेळ काढून, लक्ष देऊन भरावा लागतो. म्हणूनच तो कोणाच्या यादीत नसतो. मारणं साठवून ठेवता येतं, पळवणं रोज करावं लागतं.

आमच्या भागात शेतकरी संघटनेने उत्पादन खर्चावर आधारित भावाची मागणी घराघरांत नेली. तालुक्यातल्या रावेरीच्या सीतामंदिराच्या जीर्णोद्धारात संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष घातलं, तेव्हापासून तर हा तालुका त्यांना जवळचाच झाला होता. खर्च मोजायला आम्ही त्या चळवळीत शिकलो. तरी आजही कास्तकाराला एकराचा खर्च विचारा. बियाणं, खत, फवारणी, निंदण, डवरणं, वेचाई, गाडीभाडं तो बोटांवर सांगेल. जागली सांगणार नाही. मी शेजाऱ्याला मुद्दाम विचारलं, तर तो हसून म्हणाला, ‘‘आता झोपेचे बी पैसे लावू का?’’

मला भावाच्या बायकोचं वाक्य आठवलं. तास धरतं कोण? तिकडे गॅरेजमधले तास धरत नाहीत, कारण ते आनंदाचे. इकडे माळ्यावरचे तास धरत नाहीत, कारण ते मागायला कोणी दार दाखवलेलं नाही. एकाने हौस म्हणून सोडून दिलेलं आणि दुसऱ्याकडून गृहीत म्हणून घेतलेलं, कागदावर दोन्ही शून्यच दिसतात. मग त्या शून्यावर आपण उपायांच्या किमती मांडतो: सुतळी बॉम्ब सर्वांत स्वस्त, मग भोंगा, मग झटका मशीन, कुंपण सर्वांत महाग. हा क्रम झोप फुकट धरली तरच खरा.

झोप धरून पाहा. बॉम्ब वाजवायला माणूस जागा लागतो. भोंग्याला डुकरं थोड्याच दिवसांत सरावतात. तेच कुत्रं त्याच सुरात रोज भुंकत असेल तर ते खोटं आहे हे त्यांना कळतं, आणि माणसाला पुन्हा माळ्यावर जावं लागतं. खडकीने उद्या बिनछर्‍याचं स्वस्त काडतूस काढलं आणि राखणीच्या परवान्यावर ते सहज मिळू लागलं, तर मी त्याचं स्वागत करीन. ठासणीपेक्षा ते हाताला नक्कीच सुरक्षित राहील. पण ते उडवायलाही रात्री दोन वाजता कोणीतरी डोळे उघडे ठेवून बसलेलं लागेल. आवाजाचा प्रत्येक उपाय शेवटी जागलीच मागतो.

झोप परत देणारा उपाय मला एकच दिसतो, सौर कुंपण. आणि तेही एकट्याचं नव्हे. एकाने आपली पाच एकरं बांधली की कळप शेजाऱ्याच्या शेतात शिरतो आणि त्याची जागली दुप्पट होते. जंगलाच्या बाजूने सगळ्या शिवाराला मिळून कुंपण घातलं, तारेवर वाढणारं गवत कापायची पाळी घराघरांत लावली, तर एकराला पडणारा खर्च खाली येतो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून कुंपणाला अनुदान मिळतं. अडतं ते गावच्या बैठकीला सगळे येण्यावर, बांधावरच्या जुन्या भांडणावर, पाळी चुकवणाऱ्याला बोलणार कोण यावर. यंत्र निवडणं त्यामानाने फार सोपं.

भाऊ परत जाण्याआधी मोठ्या बाबांच्या बंदुकीचं काय करायचं, हा प्रश्न निघालाच. ती आम्ही उडवणार नाही. परवाना आहे तोवर तेल लावू. काडतुसं भरायचं यंत्र कोणतं घ्यावं, याचं त्याच्यापुरतं उत्तर त्यानेच दिलं होतं: एकेक भरणारं, स्वस्तातलं, आणि वाचलेले पैसे काट्यात. आमच्यापुरतं उत्तरही त्याच्याच सूत्रातून निघालं. दुकानात मिळत नाही असं तुला काय हवंय, हे आधी विचार, असं तो म्हणाला होता. आम्हाला रात्रीची झोप हवी आहे. म्हणून आता गावात कोणी राखणीचं नवं साधन दाखवायला आलं, मग ते भोंगा असो, मशीन असो की तार, तर मी किंमत शेवटी विचारतो. आधी विचारतो, हे बसवल्यावर हंगामात किती रात्री घरी झोपता येईल. विकणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा प्रश्न नवा वाटतो. ज्याच्याकडे त्याचं उत्तर असेल त्याचं साधन महाग असलं तरी बैठकीत मांडण्याजोगं आहे. ज्याच्याकडे नाही, त्याला मी चहा पाजून पाठवतो.